रिटर्नच्या मोसमातली नोंदवही: रखडलेल्या फायली आणि टाळलेली बोलणी

करसल्लागाराचं कार्यालय. दोन भागीदार, एक सिनियर अकाउंटंट, चार आर्टिकल (सीएचं प्रशिक्षण घेणारी मुलं). काम नेहमीचंच: जीएसटी, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) आणि ३१ जुलैच्या आत भरायची वैयक्तिक विवरणपत्रं. रात्री नऊनंतर कोणी थांबायचं नाही, एवढंच यंदाचं उद्दिष्ट.

३ जून २०२४, सोमवार

आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर न हलणाऱ्या तारखा लाल पेनाने घातल्या. ७ टीडीएसचा भरणा, ११ जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न), १३ तिमाहीवाल्यांची (तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरणाऱ्यांची) विक्री, १५ पीएफ आणि ईएसआय (जूनमध्ये त्याच दिवशी आगाऊ कराचा पहिला हप्ता), २० जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न, पुढे नुसतं ३बी), २२ तिमाहीवाल्यांचं ३बी. ३१ जुलैला विवरणपत्रांसोबत पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्नही येतं, हे दरवर्षी २९ तारखेला आठवतं. तेही लाल केलं.

लाल खुणा झाल्यावर उरलं काय ते दिसतं. दर महिन्याला सलग मोकळे दिवस २३ ते ३० एवढेच. जुलैतल्या याच आठ दिवसांत सगळी विवरणपत्रं उरकू, असं मनातल्या मनात धरलेलं असतं, म्हणून घोळ होतो.

दुसरी अडचण कागदांची. चौथ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत. त्यामुळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात २६एएस (नावावर जमा झालेल्या कराची यादी) अर्धवट असतं. घाईने भरलेलं रिटर्न मग सुधारून भरावं लागतं, म्हणजे एकाच कामाला दोनदा हात. ठरलं असं: १५ जूनपर्यंत फक्त कागद गोळा करायचे, भरायचं काही नाही. भरण्याची पहिली फेरी २३ जून ते ६ जुलै. आपल्यापुरती शेवटची तारीख २५ जुलै.

४ जून

अडथळे मोजायला आजपासून सुरुवात होती. लोकसभेच्या निकालाचा दिवस, सगळ्यांचा एक डोळा मोबाइलवर. असल्या दिवशीच्या आकड्यांना अर्थ नाही. उद्यापासून.

५ जून

प्रत्येकाच्या कीबोर्डशेजारी अर्धा कागद. रकाने पाच: वेळ, कोण, कशासाठी, किती मिनिटं, आणि ‘तेव्हाच हवं होतं का?’ तीन दिवस लिहायचं.

दुपारीच पहिली चूक सापडली. दोघांनी संध्याकाळी आठवून लिहायचं ठरवलं होतं. आठवून लिहिलं की वीस मिनिटांचा फोन तेवढा लक्षात राहतो, दीड मिनिटाचे पंधरा व्यत्यय गळून पडतात, आणि खरा दिवस तेच खातात. नियम बदलला: आधी उभी रेघ मारायची, तपशील फोन ठेवल्यावर दोन शब्दांत.

७ जून, शुक्रवार

तीन दिवसांचे कागद एकत्र मांडले. बहुतेक व्यत्यय चार प्रकारांत बसले: ओटीपी, ‘भरलं का?’, अपुरा कागद, आणि शेजारच्या टेबलावरून ‘हे कुठल्या खात्यात टाकू?’

ओटीपीचं आधी. आयकर पोर्टलवर रिटर्नची पडताळणी करायचा आधार ओटीपी १५ मिनिटं चालतो. आर्टिकल इकडे बटण दाबतो आणि पार्टी (म्हणजे आमचं अशील) तिकडे गाडी चालवत असते. तीन फोन होतात, ओटीपी मरतो, पुन्हा पहिल्यापासून. आता ओटीपीच्या दोनच वेळा: दुपारी साडेबारा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच. आदल्या दिवशी निरोप जातो: ‘उद्या साडेबाराला ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा.’ त्याआधी कराचा हिशोब पाठवायचा आणि ‘ठीक आहे’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय ओटीपी मागायचा नाही. कशाला होकार देतोय हे पार्टीला माहीत नसेल तर पुढचं भांडण ठरलेलं.

‘भरलं का?’ या फोनला उपाय एकच, विचारायच्या आत सांगणे. पोचपावती मिळाली की त्याच मिनिटाला पाठवायची. रात्री एकगठ्ठा पाठवू म्हटलं की दिवसभर फोन येतात.

खात्याच्या शंका आर्टिकलने कागदावर जमवायच्या, सिनियर साडेअकराला आणि चारला त्याच्या टेबलाशी जाऊन बसतील. त्यांनी जायचं. आर्टिकल त्यांच्याकडे रांग लावून उभे राहिले तर वेळ वाचत नाही, नुसता सरकतो.

१० जून

कामाची वही नव्याने आखली. रकाने: पार्टी, पुढची एक कृती, कोणाकडे, कोणावर अडलंय, कधीपासून.

‘पुढची एक कृती’ लिहायला सगळ्यात जड गेलं. ‘कुलकर्णी रिटर्न’ हे काम नव्हे, ते फायलीचं नाव झालं. ‘बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र मागव’ हे काम. क्रियापद नसलेली ओळ खोडायची. एका वेळी एकाच्या टेबलावर तीनच फायली, बाकी कपाटात. तीनच का, तर एक हातात, एक उत्तराची वाट बघणारी, एक तपासणीला गेलेली. चौथीची गरज पडतेय म्हणजे यातली एक अडलेली आहे, आणि ती का अडली हे विचारायची वेळ झालेली आहे.

(संध्याकाळी ड्रॉवर उघडले तर आत फायली सापडल्या. ड्रॉवरही मोजायचे.)

‘कोणावर अडलंय’ हा रकाना भरून झाला आणि वहीचा नूरच पालटला. सॉफ्टवेअर, पोर्टल, नेट यांच्यावर अडलेल्या ओळी हाताच्या बोटांवर. बाकी सगळीकडे माणसांची नावं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी त्या माणसाशी नीट बोलणंच झालेलं नाही. रात्री नऊनंतर थांबावं लागतं ते काम जास्त म्हणून कमी, एक फोन टाळला म्हणून जास्त. सहावा रकाना वाढवला: ‘काय बोलायचं राहिलंय’.

१२ जून

पहिलं राहिलेलं बोलणं: एका व्यापाऱ्याची विक्रीची बिलं महिनोन्महिने शेवटच्या क्षणी येतात. फोन करण्याआधी अर्ध्या पानावर चार ओळी लिहिल्या.

काय घडलं, तारखांसकट: मार्चची बिलं ९ एप्रिलला आली, एप्रिलची १० मेला, मेची ११ जूनला दुपारी.
त्याने काय होतं, तेही त्यांच्या बाजूने: जीएसटीआर-१ ११ तारखेनंतर गेलं तर बिल गिऱ्हाइकाच्या त्या महिन्याच्या २बीमध्ये (खरेदीवर भरलेल्या कराच्या यादीत) दिसत नाही. गिऱ्हाईक कराची रक्कम अडवून धरतं.
काय हवंय: विक्रीची एक्सेल ५ तारखेपर्यंत, खरेदीची बिलं ८ पर्यंत.
काय विचारायचं: ‘बिलं तुमच्याकडे कोण काढतं?’

दुसरी ओळ महत्त्वाची. ‘आमच्या मुलांना रात्री थांबावं लागतं’ हे खरं असलं तरी पार्टीच्या दृष्टीने तो आमचा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाने अडवलेले पैसे हा तिचा प्रश्न.

१३ जून

बोलणं झालं, सोळा मिनिटं. टिपणं:

सुरुवातच बिघडली. ‘तसं विशेष काही नाही, सहज फोन केला’ हे वाक्य तोंडात बसलेलं आहे. ते उच्चारलं की पुढचं सगळं समोरचाही सहजच घेतो. फोनला कारण असेल तर पहिलं वाक्य असं हवं: ‘शेठ, बिलांच्या तारखांबद्दल बोलायचंय, दहा मिनिटं आहेत का? नसतील तर चारला करतो.’ वेळ विचारायची, विषय लपवायचा नाही.

तारखा सांगून झाल्यावर गप्प बसायचं. इथे पाच-सहा सेकंदांची शांतता असह्य होते आणि आपणच बोलून बसतो, ‘अर्थात तुमचीही धावपळ असते म्हणा.’ समोरच्याची सबब आपणच पुरवली. त्या पाच सेकंदांत पेन खाली ठेवावं, पाण्याचा घोट घ्यावा, काहीही करावं, बोलू नये.

शेठ म्हणाले, बिलिंग पुतण्या बघतो. म्हणजे इतके महिने तगादा चुकीच्या माणसाला. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय तारीख ठरत नाही, आणि मालकाला डावलून थेट पुतण्याला फोन केला तर मालक दुखावतात. म्हणून तिघांचा फोन लावला, मालकांच्या तोंडून ५ तारीख वदवून घेतली, आणि तासाभरात दोघांना तीन ओळींचा संदेश: विक्री ५, खरेदी ८, त्यानंतर आलेली बिलं पुढच्या महिन्यात धरली जातील. संदेश रात्रीवर ढकलला तर ठरलेलं दोघांना दोन तऱ्हांनी आठवतं.

१८ जून

आठवडाभर कानावर पडलेल्या उत्तरांची यादी केली. आपल्या भाषेत नाही न म्हणता नाही म्हणायची सोय उदंड आहे, आणि प्रत्येक सोय वहीतली एक ओळ अडवते.

‘बघतो’: बहुतेक वेळा नाहीच. यावर चिडू नये, विचारावं, ‘बघून मला कधी सांगाल?’
‘करून टाकू’: यात कर्ताच नाही. ‘कोण करेल, तुम्ही की आम्ही?’
‘उद्या नक्की’: ‘नक्की’ जोडलं की शंका घ्यावी. ‘उद्या जेवणाआधी की नंतर?’
‘दोन मिनिटांत देतो’: दोन मिनिटांत होणारं काम लोक बोलता बोलता करून मोकळे होतात.

आपल्याकडून जाणारी वाक्यंही तपासली. ‘राहून गेलं’, ‘झालं नाही’, ‘चुकून पडलं’ यांत काम करणारा गायब असतो. स्वतःच्या चुकीबद्दल हे वापरलं की समोरच्याला पळवाट वाटते. दुसऱ्याच्या चुकीबद्दल मात्र थेट ‘तू केलं नाहीस’ म्हटलं की तो बचावाला उभा राहतो. मधला मार्ग म्हणजे कागदाकडे बोट दाखवणं: ‘या खात्यात राज्याचा रकाना रिकामा आहे.’ कोणी रिकामा ठेवला हे खोलीतल्या दोघांनाही माहीत असतं.

आणि ‘पण’. ‘काम छान आहे, पण…’ यातलं छान कोणाच्या कानात शिरत नाही. कौतुक करायचं तर वेगळ्या दिवशी करावं.

२१ जून

सकाळी दहा ते साडेअकरा बंद वेळ. मोबाइल सायलेंट, कार्यालयाचा फोन पाळीपाळीने एकाकडे. फोन धरणाऱ्याने तीनच गोष्टी लिहायच्या: नाव, काम, किती वाजेपर्यंत परत फोन हवा. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं खोटं सांगायचं नाही. ‘साडेअकरानंतर फोन करतील’ पुरतं.

नव्वद मिनिटं का, तर मध्यम आकाराचं एक विवरणपत्र तेवढ्यात तपासून होतं: २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडची वर्षभराच्या व्यवहारांची यादी) पडताळणी, बँक व्याज, शेअर विक्री, जुन्या-नव्या करप्रणालीची तुलना. तीस मिनिटांच्या तुकड्यात यातलं काहीच संपत नाही, आणि अर्धवट फायल पुन्हा उघडली की पहिली दहा मिनिटं ‘कुठे होतो?’ यात जातात.

बंद वेळ पहिल्याच दिवशी मोडली. मोडणारे भागीदारच. दोघांनी एकाच आर्टिकलला पंधरा मिनिटांच्या अंतराने ‘हे आधी कर’ म्हणून दोन फायली दिल्या.

२४ जून

वरच्याला नाही कसं म्हणायचं, यावर अर्धा तास. ‘सर, जमणार नाही’ हे आर्टिकल म्हणू शकत नाही, अशी अपेक्षाही नाही. तो फायली पुढे ठेवू शकतो: ‘सर, माझ्याकडे या तीन आहेत. ही घेतो. यातली कुठली मागे ठेवू?’ फायली हातात हव्यात. तोंडी यादीला ‘सगळंच कर रे’ हे उत्तर मिळतं, टेबलावर ठेवलेल्या तीन फायलींना ते देणं अवघड जातं. तरीही मिळालंच तर एकदाच: ‘हो सर, आधी कुठली?’ उत्तर येईल ते वहीत, वेळेसकट.

दोन भागीदारांमधला तिढा आर्टिकलने सोडवायचा नाही. एकमेकांच्या विरुद्ध सूचना आल्या तर दोघांना एकाच संदेशात विचारायचं. भागीदारांनी हे मान्य केलं, एकाने जरा नाराजीनेच.

२ जुलै

एका आर्टिकलकडून तीच चूक दुसऱ्यांदा. गोव्यातल्या नोंदणीकृत गिऱ्हाइकाला गेलेल्या मालावर आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर) सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचे). हे महागात पडतं: जीएसटी कायद्याच्या कलम ७७ नुसार कर योग्य शीर्षाखाली पुन्हा भरायचा आणि चुकीच्या शीर्षाखालचा परत मागायचा. व्याज लागत नाही, पण रोकड अडकते. बिलाची दुरुस्ती पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९एला.

बोलणं कधी करायचं नाही हे आधी ठरवलं: चौघांसमोर नाही, शुक्रवारी संध्याकाळी नाही (दोन दिवस तेच घोळत राहतं), ११ तारखेच्या तोंडावर नाही. आज मंगळवार, दुपारी साडेतीन, आतली खोली, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडी. एरवी त्याला ‘तू’ म्हणतात, आजही ‘तू’च. चूक काढताना अचानक ‘तुम्ही’वर गेलं की ते शिक्षेसारखं लागतं, आणि एरवी ‘तुम्ही’ म्हटलेल्याला ‘अरे’ म्हटलं तर अपमान.

‘का केलंस?’ याला ‘सॉरी सर’ एवढंच उत्तर येतं. ‘हे बिल कसं टाकलंस ते करून दाखव’ म्हटल्यावर चार मिनिटांत कारण बाहेर आलं: पार्टीचं खातं जुन्या खात्याची नक्कल करून उघडलेलं, त्यात राज्य महाराष्ट्रच राहिलेलं. उपाय: नवं खातं उघडताना जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) राज्याशी ताडायचे आणि शेजारच्याची सही घ्यायची. एक सावधानता लगेच जोडली, नाहीतर नवी चूक होईल: स्थावर मालमत्तेशी निगडित सेवेला हे आकडे पुरत नाहीत, तिथे मालमत्ता कुठे आहे ते बघावं लागतं.

शेवटी त्यालाच विचारलं, काय ठरलं ते सांग. त्याने तीनपैकी दोन गोष्टी सांगितल्या. तिसरी पुन्हा बोललो. आपण समजावलं म्हणजे समोरच्यापर्यंत पोचलं, असं नसतं.

९ जुलै

थकलेली फी. रिटर्न भरायच्या दिवशी हा विषय काढणं सगळ्यात वाईट, पार्टीला वाटतं अडवणूक चालली आहे. काम हातात घेतानाच बोलायचं. रक्कम पहिल्या वाक्यात, गोल न करता: ‘काका, गेल्या वर्षीचे १४,५०० बाकी आहेत.’ त्याच्या पुढे-मागे ‘जरा’, ‘थोडंसं’, ‘बघा जमलं तर’ काही नाही. ‘देऊन टाकू’ आलं की पर्याय: ‘२० तारखेला पूर्ण देता की दोन भागांत?’ दोन भाग म्हणाले तर दोन्ही तारखा तिथेच.

काकांना हा सूर परका वाटेल, अशी धास्ती होती. आधी घरच्यांची चौकशी दोन मिनिटं केली तर वाटत नाही. पण ती चौकशी पैशाच्या वाक्यानंतर नको, तेव्हा ती मलमपट्टी होते.

१७ जुलै

आषाढी एकादशी, सुट्टी. २बी १४ ला आलेलं, ३बी २० ला. मधला एक दिवस कमी, हे धरूनच आखणी केली होती.

२३ जुलै, मंगळवार

अर्थसंकल्प. अकरापासून फोन वाढणार हे ठरलेलंच, म्हणून बंद वेळ आज सकाळी साडेआठ ते दहा घेतली. दुपारी एकच संदेश सगळ्या पार्ट्यांना: नव्या प्रणालीतली प्रमाणित वजावट ७५,००० झाली ती २०२४-२५ साठी, आत्ता भरतोय त्या २०२३-२४ च्या रिटर्नमध्ये ५०,०००च. दीर्घकालीन भांडवली नफ्याचा १२.५ टक्के दर आजपासूनच्या विक्रीला. ‘मग माझं रिटर्न थांबवा’ म्हणणारे अनेक निघाले. त्यांना संदेशातली पहिली ओळ परत वाचून दाखवली.

२६ जुलै

आपली चूक. एका पार्टीचं ३बी २० ऐवजी २२ ला गेलं. कारण वहीतच होतं: ‘कोणाकडे’ या रकान्यात दोन नावं. दोन नावं म्हणजे दोघांनाही वाटतं, दुसरा करतोय. यापुढे एकच नाव.

पार्टीला आज सांगितलं. सोमवारीच सांगायला हवं होतं, चार दिवस कोण बोलणार यात गेले. रोखीने भरायचा कर २,००,०००. विलंब शुल्क रोज ५० प्रमाणे १००, व्याज १८ टक्क्यांनी दोन दिवसांचं सुमारे १९७. दोन्ही पुढच्या महिन्याच्या ३बीमध्ये दिसणारच, तेव्हा त्यांनी विचारण्याआधी सांगणं शहाणपणाचं. वाक्यं: ‘तुमचं ३बी दोन दिवस उशिरा गेलं. चूक आमची. २९७ रुपये लागतील, ते फीमधून वजा करतो. आता प्रत्येक रिटर्नला एकच जबाबदार माणूस आहे.’ पोर्टल चालत नव्हतं, हे सांगायचा मोह झाला होता. २० ला ते खरंच कूर्मगतीने चालत होतं, पण उशीर त्यामुळे झाला नव्हता.

३१ जुलै

उरलेल्यांत क्रम असा लावला: जुनी प्रणाली हवी असलेले आधी. मुदतीनंतरच्या रिटर्नला जुनी प्रणाली मिळत नाही, आणि धंदेवाल्यांना त्यासाठी फॉर्म १०-आयईए मुदतीआधी लागतो. नुसत्या विलंब शुल्काचा प्रश्न असलेले (५,०००, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००) त्यानंतर. तिघांचे कागद आलेच नाहीत. त्यांना तसं २५ तारखेला लेखी कळवलेलं आहे.

शेवटची फायल रात्री साडेदहाला. नऊचं उद्दिष्ट चुकलं.

५ ऑगस्ट

वहीतले सहाही रकाने राहतील. तीन फायलींचा नियम जीएसटीच्या आठवड्यात टिकत नाही, तेव्हा पाच. ओटीपीच्या वेळा पार्ट्यांनी स्वतःहून पाळायला सुरुवात केली आहे. संध्याकाळचा पाचचा शंकांचा तास मागितला गेला होता, तो नाकारला, कारण ती वेळ ओटीपीची.

बिलंवाले शेठ: जुलैत ६ ला आली, आज ५ ला सकाळी.

३१ जुलैला भरलेल्यांपैकी अकरा जणांचं ई-व्हेरिफिकेशन बाकी, मुदत ३० दिवस. नावं सिनियरकडे. उद्या साडेबाराच्या ओटीपीत पहिले चार. फीच्या रकान्यात अजून सहा नावं आहेत आणि त्यातल्या दोघांशी बोलणं अजूनही टाळलेलंच आहे. ते गुरुवारी, ११ च्या गर्दीआधी.